औद्योगिक सायबर सुरक्षेचे शिक्षण

औद्योगिक सायबर सुरक्षा ही कारखाने, वीजकेंद्रे, बंदरे, पाणीपुरवठा योजना आदी ठिकाणच्या नियंत्रण प्रणालींचे सायबर हल्ल्यांपासून रक्षण करणारी विद्याशाखा आहे. कार्यालयातील संगणकात साठवलेल्या माहितीबरोबरच त्या संगणकाच्या आज्ञेने चालणाऱ्या भट्ट्या, मोटारी व झडपा यांची सुरक्षितताही या शाखेत विचारात घेतली जाते. त्यामुळे तिच्या अभ्यासकाला संगणकशास्त्र आणि यंत्रनियंत्रण या दोन्ही विषयांचे ज्ञान आवश्यक ठरते.

कोल्हापूर जिल्ह्यात कागल व हातकणंगले तालुक्यांच्या हद्दीत वसलेली कागल पंचतारांकित एमआयडीसी ही अशा ज्ञानाची गरज असलेल्या औद्योगिक वसाहतींपैकी एक होय. पुणे-बंगळूर महामार्गालगतच्या या वसाहतीत अभियांत्रिकी व वस्त्रोद्योगाचे कारखाने आहेत. कोल्हापूर परिसर फाउंड्री उद्योगासाठीही प्रसिद्ध आहे.

स्वरूप

कार्यालयीन संगणक व्यवस्थेत गोपनीयता, अचूकता आणि उपलब्धता ही सुरक्षेची तीन उद्दिष्टे मानली जातात. कारखान्यात हा क्रम बदलतो. तेथे माणसांची सुरक्षितता प्रथम येते, त्यानंतर उत्पादन अखंड चालू राहणे आणि शेवटी गोपनीयता. संशयास्पद संगणक तत्काळ बंद करणे हा कार्यालयात योग्य उपाय असू शकतो. मात्र वितळलेल्या धातूने भरलेल्या भट्टीचे नियंत्रण अचानक थांबवणे कामगारांच्या जिवावर बेतू शकते.

यंत्रांना थेट आज्ञा देणाऱ्या उपकरणाला पीएलसी म्हणतात, तर अनेक उपकरणांवर एका ठिकाणाहून देखरेख ठेवणाऱ्या प्रणालीला स्काडा म्हणतात. ही साधने दीर्घकाळ वापरात राहतात. त्यांच्या संवादासाठी आजही प्रचलित असलेली मॉडबस ही पद्धत 1979 मध्ये तयार झाली. तिच्या मूळ रचनेत आज्ञा देणाऱ्याची ओळख पटवण्याची सोय नाही. कारखान्याचे जाळे बाहेरच्या जगापासून अलग होते तोवर या उणिवेचा धोका मर्यादित होता. दूरस्थ देखभाल आणि इंटरनेट जोडणी आल्यावर तो वाढला.

उल्लेखनीय घटना

2010 मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक आज्ञावलीने इराणमधील नतान्झ येथील अणुकेंद्राच्या पीएलसींना लक्ष्य केले होते. संगणकीय हल्ल्याने प्रत्यक्ष यंत्रे निकामी करता येतात, हे त्यातून स्पष्ट झाले. जर्मनीच्या माहिती सुरक्षा कार्यालयाने 2014 च्या अहवालात एका पोलाद कारखान्यावरील हल्ल्याची नोंद केली. त्यात हल्लेखोर फसव्या ईमेलद्वारे प्रथम कार्यालयीन जाळ्यात शिरले आणि तेथून उत्पादन विभागापर्यंत पोहोचले. परिणामी झोतभट्टीचे मोठे नुकसान झाले. मार्च 2019 मध्ये नॉर्वेच्या नॉर्स्क हायड्रो या ॲल्युमिनियम कंपनीवर खंडणीखोर आज्ञावलीचा हल्ला झाला, तेव्हा कंपनीने काही कारखाने मनुष्यबळाच्या साहाय्याने चालवले.

महाराष्ट्रात जून 2017 मध्ये नॉटपेट्या या आज्ञावलीमुळे न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराच्या एका टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्यातील कॉसमॉस सहकारी बँकेवर झालेल्या हल्ल्यात सुमारे 94 कोटी रुपये लुबाडण्यात आले. बनावट कार्डांच्या साहाय्याने देशात ज्या शहरांतील एटीएममधून रक्कम काढली गेली, त्यांत कोल्हापूरचाही समावेश होता. 12 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबईचा वीजपुरवठा खंडित झाला. त्यामागे सायबर हल्ला असण्याची शक्यता राज्य शासनाच्या वतीने व्यक्त करण्यात आली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी ती मानवी चूक असल्याचे सांगितले. बिघाड आणि हल्ला यांत भेद करण्यासाठी पुरावे जतन करणे किती महत्त्वाचे असते, हे दाखवणारे उदाहरण म्हणून या घटनेकडे पाहता येते.

अभ्यासविषय

या क्षेत्राचा पाया संगणक जाळी, कार्यप्रणाली, आज्ञावलीलेखन आणि कूटलेखन या विषयांत आहे. त्यावर पीएलसीचे प्रोग्रॅमिंग, औद्योगिक संवादपद्धती, विद्युत नियंत्रण आणि जोखमीचे मूल्यमापन यांची भर पडते. कार्यालयीन व उत्पादन जाळी परस्परांपासून विभक्त ठेवणे, दूरस्थ प्रवेशावर नियंत्रण ठेवणे, नियंत्रण आज्ञावल्यांच्या सुरक्षित प्रती राखणे आणि हल्ल्यानंतर उत्पादन पूर्ववत करणे ही त्यातील प्रमुख व्यावहारिक कौशल्ये होत. औद्योगिक नियंत्रण प्रणालींच्या सुरक्षेसाठी आयईसी 62443 ही आंतरराष्ट्रीय मानकमाला वापरली जाते. संस्थेच्या एकूण माहिती सुरक्षा व्यवस्थापनासाठी आयएसओ 27001 हे मानक प्रचलित आहे.

शिक्षणाच्या संधी

महाराष्ट्रात अभियांत्रिकी पदवीसाठी एमएचटी-सीईटी परीक्षेद्वारे प्रवेश मिळतो. पदविकाधारकांना थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. संगणक अभियांत्रिकीबरोबरच विद्युत, अणुविद्युत व उपकरणीकरण या शाखांचे विद्यार्थीही औद्योगिक सायबर सुरक्षेकडे वळू शकतात. पदव्युत्तर स्तरावर पुण्यातील गिरीनगर येथील डिफेन्स इन्स्टिट्यूट ऑफ ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी या संस्थेत सायबर सुरक्षेतील एमटेक अभ्यासक्रम आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक संस्थेचा माहिती तंत्रज्ञान पायाभूत सुविधा, प्रणाली व सुरक्षा या विषयातील पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम सुमारे सहा महिन्यांचा असून त्यासाठी सी-कॅट ही प्रवेश परीक्षा घेतली जाते. डिजिटल पुराव्यांच्या तपासात रस असणाऱ्यांसाठी न्यायसहायक विज्ञानाचे शिक्षण हा आणखी एक मार्ग आहे.

सराव आणि कायदेशीर मर्यादा

चालू कारखान्यातील नियंत्रण प्रणालीवर शिकाऊ प्रयोग करणे धोकादायक असते. जाळ्याची साधी तपासणी करणारी आज्ञावलीही जुन्या पीएलसीला बंद पाडू शकते. म्हणून सराव आभासी संगणकांवर किंवा स्वतंत्र प्रयोगशाळेत केला जातो. ओपनपीएलसी हे मुक्तस्रोत साधन आणि जाळ्यातील संदेश तपासणारे वायरशार्क यांच्या मदतीने घरच्या संगणकावरही छोटी प्रतिकृती उभारता येते.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या कलम 43 नुसार मालकाच्या परवानगीशिवाय संगणक वा जाळ्यात प्रवेश करणाऱ्यास भरपाई द्यावी लागू शकते. असे कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केल्यास कलम 66 अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्यामुळे नैतिक हॅकिंगमध्ये तपासणीपूर्वी तिची व्याप्ती, वेळ व पद्धत नमूद केलेली लेखी परवानगी घेतली जाते. भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाच्या, म्हणजेच सर्ट-इनच्या, एप्रिल 2022 मधील निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवणे आणि प्रणालींच्या नोंदी 180 दिवस जतन करणे बंधनकारक आहे.

व्यवसायाची तयारी

सुरक्षा देखरेख कक्षातील विश्लेषक, भेद्यता परीक्षक, लेखापरीक्षक, डिजिटल पुरावा तपासनीस आणि औद्योगिक सुरक्षा अभियंता ही या क्षेत्रातील प्रमुख पदे आहेत. सिक्युरिटी प्लस आणि सीईएच ही प्रमाणपत्रे प्रारंभीच्या टप्प्यावर घेतली जातात. ओएससीपीसाठी प्रत्यक्ष प्रणालींवर कौशल्य सिद्ध करावे लागते. सीआयएसएसपी हे प्रमाणपत्र अनुभवी व्यावसायिकांसाठी असून त्याला साधारणपणे पाच वर्षांचा कामाचा अनुभव आवश्यक असतो. त्यामुळे नुकत्याच पदवीधर झालेल्या विद्यार्थ्याने त्याच्या तयारीवर खर्च करण्यापूर्वी ही अट विचारात घेणे श्रेयस्कर ठरते.

लहान कारखान्यांत सायबर सुरक्षेचे स्वतंत्र पद नसल्यास हे काम देखभाल किंवा संगणक विभागाकडे येते. अशा ठिकाणी कोणती उपकरणे कोठे जोडली आहेत याची अद्ययावत यादी करणे, यंत्रपुरवठादाराने दिलेले मूळ पासवर्ड बदलणे आणि आज्ञावल्यांच्या प्रती जाळ्याबाहेर ठेवणे ही कामे कमी खर्चात होऊ शकतात. त्यासाठी यंत्रावर काम करणाऱ्या कामगाराशी संवाद साधता येणे आवश्यक असते, कारण यंत्राच्या नेहमीच्या वागणुकीतील बदल बहुधा त्याच्याच प्रथम लक्षात येतो.