चित्राखालील नाव

व्यक्तिचित्राचे मोल जितके त्याच्या रेखाटणीत, तितकेच त्याखाली लिहिलेल्या नावात असते. श्रीशिवछत्रपतींच्या चित्रांचा इतिहास याची साक्ष देतो.

सतराव्या शतकात व्हेनिसचा प्रवासी मनुची याने मीर महंमद नामक चिताऱ्याकडून हिंदुस्थानातील राजपुरुषांची चित्रे काढवून घेतली. त्यांतील अश्वारूढ महाराजांचे चित्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. दख्खनी कलमाची काही चित्रे हॉलंडास गेली. पुढे व्हॅलेंटाइन या डच लेखकाने १७२४ ते १७२६ या काळात प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात महाराजांचे चित्र कोरीव ठशावरून छापले. मूळ चित्र एकाच्याच संग्रही राहते. ठशाची प्रत मात्र अनेकांच्या हाती जाते.

परंतु प्रत जसे सत्य पसरविते, तशी चूकही पसरविते. इब्राहिमखान नामक सरदाराचे चित्र महाराजांचे म्हणून छापले जात असे व लोकांस तेच खरे वाटे. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली अस्सल चित्र उजेडात आणले, तेव्हा तो भ्रम फिटला.

छत्रपतींच्या बाबतीत जे घडले, ते आपल्या घरच्या तसबिरींच्या बाबतीत घडावयास कितीसा वेळ? पणजोबांस ओळखणारे शेवटचे माणूस गेले की भिंतीवर केवळ एक पागोटे उरते. तेथे शोध घेण्यास कोणी संशोधक येणार नाही. म्हणून ज्ञातिबंधुभगिनींस आमची विनंती आहे की, प्रत्येक तसबिरीच्या पाठीवर नाव, गाव व साल आजच लिहून ठेवावे.