टाके निघाले, पण गोष्ट संपली का?

पोटाचं ऑपरेशन झालं, टाके निघाले, पेशंट घरी गेला. रुग्णालयाच्या कागदावर गोष्ट इथे संपते. पण जखम भरताना आतडी एकमेकांना किंवा पोटाच्या भिंतीला चिकटू शकतात. डॉक्टर याला अ‍ॅड्हेजन्स म्हणतात. बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. काहींचं आतडं मात्र काही महिन्यांनी, कधी कित्येक वर्षांनी त्यात अडकतं: कळा, फुगलेलं पोट, उलट्या आणि पुन्हा भरती.

चिकटलेलं सोडवायला पोट उघडावं, तर नव्या जखमेतून पुन्हा अ‍ॅड्हेजन्स. या पेचातून १९३०च्या दशकात मिनेसोटाचे सर्जन ओवेन वँगेनस्टीन यांनी एक वाट दाखवली. नाकातून नळी घालून साठलेला वायू आणि द्रव ओढून घ्यायचा. पोटावरचा ताण उतरला की अनेकदा अडथळा आपोआप सुटतो. आतड्याचा रक्तपुरवठा तुटला असेल तर मात्र थांबून चालत नाही, ऑपरेशनच करावं लागतं. आजही असा पेशंट नळी लावून, उपाशीपोटी, ‘सुटेल की कापावं लागेल’ याची वाट बघत असतो.

पण असे पेशंट किती? एकेका सर्जनच्या वहीतून हे कळणं अवघड, कारण पेशंट पुढच्या वेळी दुसरीकडे जातो. स्कॉटलंडमध्ये रुग्णालयांच्या नोंदी एकमेकींना जोडलेल्या होत्या. हॅरल्ड एलिस आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली पोटाचं किंवा ओटीपोटाचं ऑपरेशन झालेल्या २९,७९० जणांचा माग १० वर्षं काढला. निष्कर्ष १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. सुमारे ३५ टक्के लोक अ‍ॅड्हेजन्सशी थेट किंवा कदाचित संबंधित कारणांनी, किंवा अ‍ॅड्हेजन्समुळे अवघड होऊ शकणाऱ्या ऑपरेशनसाठी पुन्हा भरती झाले, सरासरी दोनदा. दहाव्या वर्षापर्यंत ही ये-जा थांबली नव्हती.

आता जरा थांबा. त्याच निबंधात ५.७ टक्के हाही आकडा आहे. मग खरा कोणता? दोन्ही! पहिल्याचा छेद माणसं आहेत, दुसऱ्याचा पुन्हा झालेल्या भरती. शिवाय दुसऱ्यात फक्त ‘थेट’ संबंध धरलाय, पहिल्यात ‘कदाचित’सुद्धा. आकडा उचलण्याआधी छेद आणि व्याख्या बघायची सवय लावा.

आणि एक. घरीच सोसलेली कळ, जेवायची बसलेली भीती, प्रवासाला निघण्याआधीची धाकधूक यातलं काहीच भरतीच्या नोंदीत येत नाही. तुमच्या विषयातली नोंद कुठे बंद होते? प्रश्न तिथून पुढे शोधा.