गेथशेमानेची प्रार्थना आणि असोळणेचा दगा

आजऱ्याहून आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी आणि पुढे गोवा. याच वाटेने खालचे मीठ वर आले, नारळ आले आणि ख्रिस्ती कुटुंबेही आली. फर्नांडिस, डिसोझा ही आडनावे आपल्याकडे कोणास परकी वाटत नाहीत. मात्र ही मंडळी गुड फ्रायडेला ज्या कथेसाठी उपास धरतात, ती चारशे वर्षांपूर्वीच मराठी ओवीत उतरली होती, हे आपणांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

कथा साधीच आहे. यहूदा हा येशूच्या बारा शिष्यांपैकी एक, पंगतीला बसणारा. तीस रुप्याच्या नाण्यांसाठी तो गुरूला शत्रूच्या हाती देतो, आणि खूण कोणती, तर चुंबन! त्या रात्री गेथशेमानेच्या बागेत येशू प्रार्थना करतो. हे दुःख टळावे असे तो स्पष्ट मागतो आणि शेवटी निर्णय पित्यावर सोपवतो. आम्हांस या प्रसंगाचे मोल वाटते ते यासाठी की, येथे देवाचा पुत्र भ्यालेला आहे, आणि ज्यांनी जागावे ते शिष्य झोपलेले आहेत. पेत्र तर कोंबडा आरवण्याआधी तीनदा गुरूला नाकारतो. दोघांनीही घात केला. पण यहूदाने गळफास घेतला आणि पेत्र रडला. पेत्राच्या चरित्रावर एतिएन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाने सतराव्या शतकात गोव्यात मराठीत एक मोठे पुराणच रचले.

त्याच्याही आधीचे ते ‘क्रिस्तपुराण’. कर्ता थॉमस स्टीफन्स, जातीचा इंग्रज. १५७९ साली तो गोव्यात उतरला आणि पुढची चाळीस वर्षे तेथेच राहिला. १६१६ साली त्याचा ग्रंथ राचोलला रोमन लिपीत छापला गेला. ओव्या जवळजवळ अकरा हजार! वैकुंठ, पुराण हे आपलेच शब्द त्याने नव्या कथेला दिले.

पण या ओवीकाराने विश्वासघात काही केवळ पोथीत वाचलेला नव्हता. तो साष्टीत काम करीत असताना, १५८३ च्या जुलैत, कुंकळ्ळीला रुदॉल्फ आक्वाव्हिवा आणि त्याचे चार जेझुइट सोबती मारले गेले. हा आक्वाव्हिवा नुकताच अकबराच्या दरबाराहून परतला होता. पाचांची प्रेते ताब्यात मिळवण्याचे काम स्टीफन्सने केले. गावकऱ्यांचा राग अकारण नव्हता. पोर्तुगीजांनी त्यांची देवळे पाडली होती, जाळली होती. पुढे जे झाले ते मात्र ऐकवत नाही. कुंकळ्ळीच्या प्रमुखांना बोलणी करण्याच्या निमित्ताने असोळणेच्या किल्ल्यात बोलावले आणि तेथे चौकशीवाचून ठार केले. सोळांपैकी एकटाच नदीत उडी टाकून वाचला, असे सांगतात.

आता यहूदा कोणास म्हणावे? पाच धर्मगुरूंना रोमने १८९३ साली धन्य ठरवले. प्रमुखांचे स्मारक कुंकळ्ळीत उभे आहे. आम्ही दोन्ही बाजूंच्या मृतांना नमस्कार करू. परंतु पाहुणा म्हणून बोलावून गळा कापणे हे चुंबनाच्याच जातीचे कृत्य, आणि ते क्रूस मिरवणाऱ्या सत्तेने केले, हे ख्रिस्ती वाचकाने आधी म्हणावे आणि हिंदूने मग, असे आम्हांस वाटते.

पुढे त्याच सत्तेने १६८४ साली गोव्याच्या लोकांना तीन वर्षांत आपली बोली सोडण्याचे फर्मान काढले. ज्या भाषेत साष्टीच्या ख्रिस्ती माणसाने येशूच्या वेदना ऐकल्या, प्रार्थना शिकली, तीच आता नकोशी झाली. क्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांमुळे. मंगळूरकडच्या ख्रिस्ती घरांत तो नकलून ठेवलेला होता; त्यावरून १९०७ साली साल्ढाणा यांनी तो तेथे छापला, आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्यात तो देवनागरीत आणला.