घरांतलें सूत आणि घराचा हिशेब

नेवासें म्हटलें म्हणजे मराठी माणसाच्या मनांत प्रथम ज्ञानेश्वरी उभी राहते. शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० सालीं, प्रवरेच्या कांठच्या या गांवीं तो ग्रंथ सिद्ध झाला. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनीं निरूपण केलें असें परंपरा मानते, तो 'पैस' तेथें आजही भक्तिभावानें जतन केलेला आहे. परंतु याच गांवच्या मातींतून आणखी एक वस्तु वर आली आहे, आणि तिची कीर्ति फारशी पसरलेली नाहीं. ती वस्तु म्हणजे दोऱ्याचा एक लहानसा अवशेष.

१९५४ ते १९५६ या काळांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकळिया आणि त्यांचे सहकारी यांनीं नेवाशास उत्खनन केलें. जमिनीच्या एकेका थराबरोबर काळ मागें मागें गेला, आणि शेवटीं ताम्रपाषाण युगांतील शेतकऱ्यांची वस्ती उघडी पडली. याच जिल्ह्यांतील, संगमनेराजवळच्या जोर्वे गांवावरून त्या संस्कृतीस जोर्वे संस्कृति हें नांव मिळालेलें आहे. इ. स. पूर्व दुसऱ्या सहस्रकाच्या उत्तरार्धांतील हे लोक कुडाच्या घरांत राहत, आणि घरांतील लहान मूल दगावलें म्हणजे त्याला मातीच्या कुंभांत ठेवून घराच्या जमिनीखालींच पुरीत. नेवाशाच्या अशा एका बालकाच्या गळ्यांत तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्याच्या गंजामुळें मण्यांच्या आंतील दोरा कुजून जाण्यापासून वांचला. सूक्ष्मदर्शकाखालीं तो तपासला, तेव्हां त्यांत कापसाच्या तंतूबरोबर रेशमाचाही तंतू ओळखूं आला.

टकळीवर सूत काढणें हें फार सावकाश चालणारें काम. कापूस वेंचावयाचा, सरकी काढावयाची, तो पिंजावयाचा, आणि मग हातभर हातभर तंतू ओढून त्याला पीळ द्यावयाचा. दळण, स्वयंपाक, पाणी आणि मुलेंबाळें यांतून उरलेल्या वेळांत तें होई. त्या वेळाची कोठें नोंद नाहीं. तांब्याचा मणी दुर्मिळ म्हणून मोलाचा ठरला; त्यांत ओंवलेला दोरा मात्र घरचा, म्हणून फुकटचा. घरांत बसून केलेल्या कामाकडे पाहण्याची ही दृष्टि पुढें हजारों वर्षें टिकली. पुरुषानें बाहेरून आणलेला पैसा ती कमाई, आणि स्त्रीनें घरांत राबून निर्माण केलेला पैसा ती काटकसर, असा भेद घरोघरच्या वहींत रूढ झाला. काटकसरीचें कौतुक झालें. तिचें दाम मात्र कोणीं विचारलें नाहीं.

तरीही असें दाम ठरविणारा एक फार जुना ग्रंथ आपल्या देशांत आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी १९०५ सालीं म्हैसूरच्या शामशास्त्री यांच्या हातीं आली आणि १९०९ सालीं ती छापली गेली. त्या ग्रंथांत सूत्राध्यक्ष, म्हणजे सूतखात्याचा अधिकारी, याचीं कर्तव्यें सांगणारा एक स्वतंत्र अध्याय आहे. ज्या स्त्रिया घराबाहेर पडत नाहींत, ज्यांचे पति परगांवीं आहेत, ज्या विधवा किंवा अपंग आहेत, ज्या कुमारिका स्वतःचें पोट भरूं इच्छितात, त्यांच्याकडे अधिकाऱ्यानें आपल्या दासी पाठवून सन्मानपूर्वक काम द्यावें, अशी त्यांत आज्ञा आहे. सूत बारीक, मध्यम कीं जाडें हें पाहून वेतन ठरवावयाचें, आणि चांगलें सूत भरणाऱ्या स्त्रियांस तेल, आंवळकाठी व उटणें देऊन त्यांचा गौरव करावयाचा.

ज्या स्त्रिया स्वतः सूतशाळेंत येतील त्यांचें सूत पहांटेस घेऊन वेतन चुकतें करावें, आणि तेथें दिवा असावा तो केवळ सूत तपासण्यापुरता. अधिकाऱ्यानें स्त्रीच्या मुखाकडे निरखून पाहिलें किंवा कामावेगळें भाषण केलें तर त्याला पहिल्या प्रतीचा दंड. पण वेतन देण्यास उशीर केला तर त्याहून मोठा, मध्यम प्रतीचा दंड. या ग्रंथकर्त्याला स्त्रियांचा कळवळा होता असें मात्र समजूं नये. वेतन घेऊन काम न करणाऱ्या स्त्रीस त्यानें कठोर शारीरिक शिक्षा सांगितली आहे, आणि त्याचें लक्ष राजाच्या कोठारावर आहे. परंतु घरीं बसून केलेलें काम हें काम आहे आणि त्याचें वेतन वेळेवर मिळालें पाहिजे, ही गोष्ट त्यानें निःसंदिग्धपणें लिहून ठेवली.

सुतापासून कापड झालें म्हणजे मात्र श्रमाला बाजारांत पत येई. नेवाशाच्या वायव्येस, गोदावरीकांठच्या नाशिकास, पांडवलेण्यांत नहपान राजाचा जांवई उषवदात याचा शिलालेख आहे. तो इसवी सनाच्या आरंभींच्या शतकांतील होय. लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंच्या खर्चासाठीं उषवदातानें ३,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेविले. ते कोठें ठेविले? राजाच्या तिजोरींत नव्हे, सावकाराकडे नव्हे, तर गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे. एका श्रेणीकडे २,००० कार्षापण, दरमहा दरशेंकडा एक या व्याजानें. दुसरीकडे १,०००, दरमहा दरशेंकडा पाऊण या व्याजानें. पहिल्या ठेवीचें वर्षाचें व्याज २४० कार्षापण होई आणि त्यांतून २० भिक्षूंना वस्त्रासाठीं प्रत्येकीं १२ मिळत. आपापल्या घरीं माग चालविणारे कारागीर एकत्र आले म्हणजे राजघराण्यालाही त्यांच्यावर विश्वास टाकावा असें वाटे. मात्र त्या मागांना सूत पुरविणाऱ्या बायकांचा शिलालेखांत निर्देश नाहीं. एकेकट्या, आपापल्या उंबऱ्याच्या आंत काम करणाऱ्या हातांची श्रेणी बनली नाहीं, आणि ज्याची श्रेणी नाहीं त्याला पत नाहीं.

ज्ञानेश्वरांच्या काळींही घर आणि कारखाना हे वेगळे नव्हते. गोरोबांचें चाक, नामदेवांच्या घरचें शिवणकाम, नरहरीची पेटी, जनाबाईचें जातें या सर्व संतकथा घराच्या अंगणांतच घडतात. त्यानंतर थोड्याच काळांत सूत काढण्याच्या साधनांत मोठा पालट झाला. टकळीच्या जागीं चरखा आला आणि तेवढ्याच वेळांत सूत कितीतरी पट अधिक निघूं लागलें. चरख्याचा भारतांतील एक अगदीं आरंभींचा निःसंशय उल्लेख इसामी या कवीच्या फारसी काव्यांत सांपडतो. बहामनी राज्याच्या संस्थापकाच्या आश्रयानें दक्षिणेंतच १३५० सालीं तें काव्य पुरें झालें. हा उल्लेख येतो तो दिल्लीच्या तख्तावर बसलेल्या रझिया सुलतानेला दोष देतांना: स्त्रीनें राज्य करूं नये, चरख्यापाशीं बसावें, असा त्याचा भाव आहे. चरखा इतिहासांत प्रवेश करितो तोच स्त्रीला घरांत बसविण्याचा दाखला म्हणून. त्या चरख्यावरील सुतानें किती घरें चालतात, हा प्रश्न कवीला पडला नाहीं.

त्या प्रश्नाचें उत्तर मिळालें तें चरखा थांबल्यावर. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं मुंबईस पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली. विलायती सूत तर त्याआधींच येऊं लागलें होतें. १८७६ ते १८७८ या वर्षांत दक्षिणेंत भीषण दुष्काळ पडला, आणि १८७८ सालींच दौंड–मनमाड लोहमार्ग खुला होऊन नगर जिल्हा मोठ्या बाजाराशीं जोडला गेला. या घडामोडींत विणकर अगदींच बुडाला नाहीं. गिरणीचें स्वस्त सूत घेऊन त्यानें लुगडीं विणलीं, आणि जिल्ह्यांत हातमाग पुढेंही दीर्घकाळ चालत राहिले. कांतणारीला मात्र पर्यायच उरला नाहीं. गिरणीचें सूत स्वस्त झालें, म्हणून तिचा वेळही स्वस्त झाला. पूर्वीं पडत्या काळांत मिठामिरचीपुरता कां होईना, चरखा आधार देई. तो आधार गेल्यावर घर कोणत्या खांबावर उभें होतें हें दिसून आलें.

कमाई असली तरी ती कोणाची, हा दुसरा प्रश्न. कात्यायनाच्या स्मृतिवचनाप्रमाणें स्त्रीनें शिल्पानें, म्हणजे हातच्या कसबानें, मिळविलेल्या धनावर पतीचें स्वामित्व असे. माहेराहून आलेल्या दागिन्यावर तिचा जेवढा हक्क, तेवढा स्वतःच्या बोटांनीं मिळविलेल्या पैशावर नाहीं. ही स्थिति कायद्यानें पालटण्यास १९५६ साल उजाडावें लागलें. त्या वर्षींच्या हिंदु उत्तराधिकार कायद्याच्या चौदाव्या कलमानें हिंदु स्त्रीची मालमत्ता पूर्णपणें तिची ठरविली, आणि त्या कलमाच्या स्पष्टीकरणांत स्वतःच्या कौशल्यानें वा श्रमानें मिळविलेली मालमत्ताही नांव घेऊन घातली.

दामाच्या प्रश्नाला हात घातला तो गांधीजींनीं. अखिल भारत चरखा संघ १९२५ सालीं स्थापन झाला, आणि खेड्यापाड्यांतील हजारों स्त्रियांना पुन्हा कांतण्याचें काम मिळालें. परंतु खादी स्वस्त ठेवावयाची म्हणून कांतणारीची मजुरी अगदींच तुटपुंजी असे. १९३५ सालीं गांधीजींनीं आग्रह धरला कीं कांतणारीला निर्वाहापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, मग खादी महाग झाली तरी चालेल. संघानें दर वाढविले आणि खादी महागली. शहरांतील ग्राहकाची काटकसर जर खेड्यांतील स्त्रीच्या पोटाला चिमटा घेऊन होत असेल, तर ती काटकसर नव्हे, हा धडा त्या निर्णयांत होता.

श्रेणीचा जुना धडा गिरविला तो मुंबईच्या गिरगांवांतील सात गृहिणींनीं. १५ मार्च १९५९ रोजीं ८० रुपये उसने घेऊन त्यांनीं पापड लाटण्यास आरंभ केला. त्यांतून श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड ही संस्था उभी राहिली. पीठ केंद्रांत मळावयाचें, स्त्रियांनीं तें घरीं नेऊन पापड लाटावयाचे व वाळवावयाचे, परत आणून वजनानें मजुरी घ्यावयाची. आणि लाटणारी प्रत्येक स्त्री संस्थेची भागीदार. घरांतलें काम घरांतच राहिलें, पण काम करणारी एकटी राहिली नाहीं. उषवदातानें विणकरांच्या श्रेणीवर जो विश्वास टाकला, तोच येथें पापडाच्या पिठावर उभा राहिला.

याच्या उलट चित्र विडीच्या धंद्याचें. नगर, संगमनेर, सिन्नर, सोलापूर या भागांत हजारों स्त्रियांनीं घरीं बसून विड्या वळल्या. पानें आणि तंबाखू ठेकेदारानें द्यावयाची, विड्या मोजून घ्यावयाच्या, आणि न पटलेल्या विड्या 'छाट' म्हणून बाजूला काढून त्यांचे पैसे कापावयाचे. घरांत काम करते म्हणून ती कामगारच नव्हे, हा मालकवर्गाचा युक्तिवाद १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यानें अमान्य केला आणि घरीं काम करणारीसही कामगार मानलें. १९९६ सालीं जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेनें घरकामगारांविषयींचा १७७ वा करार मंजूर केला. घरीं काम करणाऱ्यास इतर कामगारांच्या बरोबरीनें वागविलें पाहिजे, हें त्याचें सार आहे. वेतनाला उशीर लावणाऱ्या अधिकाऱ्यास दंड सांगणारा अर्थशास्त्राचा अध्याय येथवर पोंचावयास दोन हजार वर्षें लागलीं.

२०२० सालच्या महासाथींत सुशिक्षित शहरी घरांतही कचेरी येऊन बसली, आणि घरबसल्या कामाचा विषय पुरुषांच्याही बोलण्यांत आला. गाडीभाडें वांचलें, बाहेरचें खाणें वांचलें, कपड्यांचा खर्च कमी झाला, असा हिशेब पुष्कळांनीं मांडला. तो हिशेब खराच, परंतु अर्धा. कौटिल्याच्या सूतशाळेंत दिवा सरकारी तेलाचा होता. घरच्या कामाला दिवा घरचा लागतो. जागा घरची, वीज घरची, आणि कामाच्या घटका संपल्या हें सांगणारी घंटा घरांत वाजत नाहीं. ज्या घरांत एकाच्या कचेरीसाठीं खोली मोकळी होते, त्या घरांत दुसऱ्या कोणाचें तरी काम त्या खोलीबाहेर वाढलेलें असतें.

म्हणून घरखर्चाची वही लिहितांना दोन रकाने अधिक असावेत: घरांत राबलेल्या हातांनीं किती तास दिले, आणि त्या श्रमांतून वांचलेला पैसा कोणाच्या नांवावर गेला. हे रकाने भरले म्हणजे पुष्कळ घरांतील काटकसर ही काटकसर नसून कमाई आहे, असें आढळून येईल. आणि जी कमाई आहे तिच्यावर मिळविणारीचा हक्क असणें ओघानेंच आलें. नेवाशाच्या त्या बालकाच्या गळ्यांतील दोऱ्याचें दाम आतां कोणाला चुकवितां येणार नाहीं. परंतु तो दोरा कोणीतरी बसून, वेळ काढून, हातानें काढला होता. आपापल्या घरांतील असें सूत आज कोण काढीत आहे, एवढें पाहणें मात्र प्रत्येक घराच्या हातीं आहे.