वयाच्या आलेखातले तीन उंचवटे

कर्करोग हा मुख्यतः उतारवयाचा आजार, असे आपण वर्गात सांगतो आणि ते बरोबरच आहे. पेशी विभागताना डीएनएमध्ये चुका होतात. त्या वर्षानुवर्षे साठत जातात. पुरेशा चुका एकाच पेशीत जमल्या की ती पेशी बेबंद वाढू लागते. १९५४ साली पीटर आर्मिटेज आणि रिचर्ड डॉल या दोन ब्रिटिश संशोधकांनी हे गणिताने मांडले. अनेक कर्करोगांचे मृत्युदर वयाच्या साधारण सहाव्या घाताच्या प्रमाणात वाढतात, असे त्यांना आढळले. म्हणजे वय दुप्पट झाले की धोका जवळजवळ ६४ पट! अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना लॉगॅरिदमचा उपयोग दाखवायला हे उत्तम उदाहरण आहे.

पण एक कर्करोग या नियमाला अजिबात जुमानत नाही. वृषणाच्या कर्करोगाचा वयानुसार आलेख काढला तर त्यात तीन उंचवटे दिसतात. पहिला अगदी छोटा, जन्मानंतरच्या तीन-चार वर्षांतला. मग पौगंडावस्थेपर्यंत आलेख जवळजवळ शून्यावर. त्यानंतर तो झपाट्याने चढतो, पंचवीस ते पस्तीस या वयात शिखर गाठतो आणि पुन्हा उतरतो. साठीनंतर तिसरा, लहानसा चढ. चुका साठून कर्करोग होत असेल, तर पन्नाशीच्या माणसाला तिशीच्या तरुणापेक्षा कमी धोका कसा? या प्रश्नाचे उत्तर मिळायला बरीच दशके लागली, आणि त्यातले बरेचसे काम डेन्मार्कमध्ये, कोपनहेगन शहरात झाले.

सुरुवात झाली ती सूक्ष्मदर्शकाखाली. १९०६ साली पॅरिसमध्ये मॉरिस शव्हासू यांनी वृषणाच्या एका प्रकारच्या गाठीला ‘सेमिनोमा’ हे नाव दिले. एकसारख्या, गोल पेशींची ही गाठ शुक्रजंतू तयार करणाऱ्या बीजपेशींपासून होते, असे त्यांचे म्हणणे. इतर गाठींमध्ये मात्र विचित्र सरमिसळ दिसे. कुठे कूर्चा, कुठे आतड्यासारखे अस्तर, कुठे गर्भातल्या ऊतींसारखे काही. १९४६ मध्ये पिएर मासाँ यांनी सेमिनोमासारखाच भासणारा, पण प्रौढ आणि वृद्ध पुरुषांत आढळणारा एक वेगळा प्रकार ओळखला. १९५९ मध्ये कोपनहेगनच्या गुन्नार टेलुम यांनी आणखी एका गाठीचे कोडे सोडवले. तिची रचना गर्भाच्या पीतक-कोशाशी जुळते, हे त्यांनी उंदरांच्या वारेशी तुलना करून दाखवले. वृषणात ही गाठ शुद्ध स्वरूपात सापडते ती मुख्यतः तान्ह्या व लहान मुलांत.

म्हणजे तीन उंचवटे एकाच रोगाचे नव्हते. पहिल्यात पीतक-कोशाच्या गाठी आणि टेराटोमा. मधल्यात सरमिसळ असलेल्या गाठी आणि सेमिनोमा. यांपैकी सेमिनोमाचे शिखर सुमारे दहा वर्षे उशिरा येते. शेवटच्यात मासाँ यांची गाठ थोडी, आणि जास्त करून लिम्फोमा. हा तर बीजपेशींचा नव्हे, रोगप्रतिकारक पेशींचा कर्करोग. आता गंमत पाहा. टेराटोमा लहान मुलात सहसा निरुपद्रवी असतो. तरुणात मात्र तशीच दिसणारी गाठ शरीरभर पसरू शकते. नुसत्या दिसण्यावरून निदान पुरे होत नाही, वयही विचारावे लागते.

नावे मिळाली, पण मधले शिखर अजून अनुत्तरितच होते. येथे डेन्मार्कच्या नोंदवह्या कामी आल्या. योहानेस क्लेमेसेन यांच्या पुढाकाराने १९४२ मध्ये तेथे राष्ट्रीय कर्करोग नोंदणी सुरू झाली. १९६८ मध्ये क्लेमेसेन यांनीच दाखवून दिले की, कोपनहेगनमध्ये १९४३ ते १९६२ या काळात वृषणाच्या कर्करोगाचे प्रमाण दुप्पट झाले होते. पुढे रुग्णांची मांडणी निदानाच्या वर्षाऐवजी जन्मवर्षाने केली गेली, तेव्हा आणखी आश्चर्य समोर आले. १९८९ साली हेन्रिक म्योलर यांनी दाखवले की दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जन्मलेल्या डॅनिश पुरुषांत धोका कमी होता. १९९६ च्या एका अभ्यासात नॉर्वे आणि स्वीडनमध्येही तसाच खळगा दिसला. ही माणसे तिशीत आली ती १९७० च्या आसपास, म्हणजे युद्ध संपून पाव शतक उलटल्यावर. तरी त्यांच्या जन्मकाळाची खूण टिकून होती. मातांच्या आहारात किंवा राहणीत नेमके काय बदलले, यावर मतभेद आहेत. पण बोट एकाच दिशेला होते: या रोगाचे मूळ जन्माआधी असावे.

त्याला पेशींचा पुरावा मिळाला तो नील्स स्काकेबेक यांच्याकडून. मूल होत नाही म्हणून तपासणीसाठी आलेल्या दोन पुरुषांच्या वृषणाच्या नमुन्यांत त्यांना काही विचित्र, मोठ्या केंद्रकाच्या पेशी दिसल्या. पुढे या पुरुषांना कर्करोग झाला. १९७२ साली स्काकेबेक यांनी हे प्रसिद्ध केले. गाठ होण्यापूर्वीची अवस्था सापडली होती. या पेशी प्रौढ बीजपेशींसारख्या नसून गर्भातल्या आदिम बीजपेशींसारख्या आहेत, असे त्यांनी १९८७ मध्ये मांडले. पुढे रेणूंच्या पातळीवरही हे साम्य दिसले.

आता आलेख उलगडतो. गर्भावस्थेत काही बीजपेशींची वाढ अर्धवट राहते. त्या तशाच सुप्त पडून राहतात. बी पेरले जाते जन्माआधी, पाऊस पडतो वयात येताना, संप्रेरकांचा. जे उगवायचे ते पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत उगवते. नवे बी पेरले जात नाही, म्हणून चाळिशीनंतर आलेख उतरतो. लहान मुलांच्या गाठी आणि मासाँ यांची गाठ या वाटेने येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या वर्गीकरणात म्हणूनच बीजपेशींच्या गाठींचे दोन गट केले गेले: या सुप्त पेशींपासून होणाऱ्या आणि न होणाऱ्या. साठीनंतरचा उंचवटा मात्र आपल्या ओळखीच्या, चुका साठण्याच्या नियमाजवळ जातो.

उपचाराची कथाही तितकीच अनपेक्षित. १९६५ मध्ये अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग विद्युतक्षेत्राचा जिवाणूंवर काय परिणाम होतो ते पाहत होते. जिवाणू विभागायचे थांबून दोऱ्यासारखे लांब झाले. कारण वीज नव्हे, तर विद्युतअग्रांतून विरघळलेले प्लॅटिनम. त्यातून ‘सिसप्लॅटिन’ हे औषध पुढे आले. १९७४ मध्ये इंडियानात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते इतर औषधांबरोबर वृषणाच्या पसरलेल्या कर्करोगावर वापरले. त्यापूर्वी असे रुग्ण शंभरातले पाच-दहाच वाचत. आज बहुसंख्य बरे होतात. वेळेवर आलेला रुग्ण तर जवळजवळ हमखास बरा होतो.

‘वेळेवर’ हा शब्द मात्र महत्त्वाचा. हा आलेख आम्ही एकदा शिक्षकांच्या शिबिरात फळ्यावर काढला होता. एका सरांनी विचारले, “पण हे मुलांना सांगायचे कसे?” प्रश्न खरा आहे. भारतात हा रोग विरळा, वर्षाला लाख पुरुषांमागे एकाहूनही कमी. पण ज्याला होतो तो बहुधा नुकताच कॉलेजात गेलेला किंवा नोकरीला लागलेला तरुण असतो. गाठ सहसा दुखत नाही, आणि जागा अशी की लाजेने महिनोन्‌महिने कोणाला सांगितले जात नाही. सांगायचे आहे ते एका वाक्याचे: न दुखणारी गाठ किंवा सूज दिसली तर लपवू नका, डॉक्टरांना दाखवा.

दुसरी गोष्ट शाळेच्या आरोग्य तपासणीची. वृषण जागेवर न उतरलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया तेराव्या वर्षाआधी झाली, तर पुढे कर्करोगाचा धोका सर्वसाधारण पुरुषांच्या सुमारे दुप्पट राहतो; नंतर झाली तर पाचपटींहून अधिक, असे २००७ मध्ये स्वीडनमधील अभ्यासात आढळले. शस्त्रक्रिया तर पहिल्या एक-दीड वर्षातच होणे उत्तम. पण घरी राहून गेलेली गोष्ट पाचवी-सहावीतल्या तपासणीतही सापडू शकते. पाऊस पडण्यापूर्वी थोडे दिवस हातात असतात, आणि त्या दिवसांत मूल आपल्या वर्गात बसलेले असते.