शर्यतींतील आडकाठी आणि पंचांचा न्याय

छत्रपती संभाजीनगराच्या पूर्वेस चिकलठाण्याच्या माळावर आज विमानें उतरतात; परंतु या पठाराचा जुना परिचय घोड्यांच्या टापांशीं आहे. मलिक अंबरानें १६१० सालीं येथें खडकी वसविली, आणि त्याच्या पदरच्या मराठा स्वारांनीं मोगलांच्या वाटा अडवून त्यांची रसद तोडली. रणांगणावर प्रतिपक्षाची वाट अडविणें हें कसब ठरतें. शर्यतीच्या मैदानावर मात्र तोच अपराध होतो. हा अपराध पंचांनीं कसा तोलावा, याचा अल्पसा इतिहास आज आपणांस सांगावयाचा आहे.

आपल्याकडे १८८३ सालीं मुंबईस महालक्ष्मीचें रेसकोर्स सुरू झालें, आणि १९४३ सालीं पहिली इंडियन डर्बी झाली. ही सारी पद्धति इंग्रजी वळणाची. निर्णय देणारे पंच, ज्यांस स्टुअर्ड म्हणतात, तेही तिकडच्याच प्रथेंतले. म्हणून प्रथम इंग्लंडांतील एक गाजलेलें प्रकरण पाहूं.

१९१३ सालच्या एप्सम डर्बींत क्रॅगानूर हा घोडा केवळ डोक्याएवढ्या अंतरानें पहिला आला. दुसरा आला अबॉयर. त्याचा भाव शंभरास एक होता. अखेरच्या टप्प्यांत दोघे एकमेकांस घांसले होते. पंचांनीं स्वतःच हरकत घेतली, स्वतःच साक्षी ऐकल्या, आणि क्रॅगानूरला बाद करून डर्बी अबॉयरला दिली. त्या पंचांपैकीं मेजर युस्टेस लोडर यांच्याच पागेंत क्रॅगानूर जन्मला होता, व त्यांनीं तो पुढें विकला होता. निर्णयाविषयीं वाद दीर्घकाळ चालला; तथापि फिर्यादी आणि न्यायाधीश एकाच आसनावर बसले, म्हणजे खरा न्यायही संशयास्पद दिसतो, हा धडा निर्विवाद आहे.

त्या काळीं पंचांपाशीं दुर्बीण आणि साक्षीदार एवढींच मुख्य साधनें होतीं. पुढें चलच्चित्रें आलीं, तरी मूळ प्रश्न सुटला नाहीं. काय घडलें तें चित्र दाखवितें. त्याचें फळ काय द्यावें, हें तें सांगत नाहीं.

याविषयीं जगांत दोन मतें आहेत. पहिल्या मताप्रमाणें, आडकाठी झाली नसती तर अडलेला घोडा अपराधी घोड्याच्या पुढें आला असता, अशी पंचांची खात्री झाली तरच निकाल बदलतो. दुसऱ्या मताप्रमाणें, अडलेल्या घोड्याचें स्थान हुकलें एवढें पुरे. अपराधी त्याच्या मागें जातो. २०१९ सालीं अमेरिकेंतील केंटकी डर्बींत पंचांनीं सुमारें २२ मिनिटें चित्रें पाहिलीं, आणि पहिल्या आलेल्या मॅक्सिमम सिक्युरिटीला १७ व्या क्रमांकावर नेलें. विजेता ठरला कंट्री हाउस. त्या आडकाठीची झळ मुख्यतः दुसऱ्याच घोड्यांस लागली होती. जपाननें २०१३ सालीं, आणि फ्रान्सनें २०१८ सालीं, पहिलें मत स्वीकारलें.

मलाही पहिलेंच मत न्याय्य वाटतें, पण एका अटीवर. घोड्याचें नुकसान आणि स्वाराचा दोष हे दोन निराळे प्रश्न होत. नुकसान निकालानें भरून काढावें. दोषाबद्दल स्वारास कांहीं दिवस शर्यतींपासून दूर ठेवावें. ही शिक्षा हलकी असेल, तर आधीं जिंकावें आणि मग दंड भरावा, अशी वृत्ति बळावेल. आणि भरधांव घोळक्यांत एक घोडा कोसळला, तर स्वाराच्या प्राणांशीं गांठ असते. शेवटीं, निकालाबरोबर पंचांनीं त्याचीं कारणेंही जाहीर करावींत, म्हणजे हरलेला मालकसुद्धां तो निकाल मानून घरीं जाईल.