मोटारीचे पाठभेद

२०२५ सालच्या दिवाळीच्या सुटीआधी आमच्या स्टाफरूममध्ये उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांबरोबर एक गुळगुळीत माहितीपत्रकही या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होते. एका सहकाऱ्याला चार मीटरच्या आतली छोटी एसयूव्ही घ्यायची होती. २२ सप्टेंबरपासून लहान गाड्यांवरचा वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवर आल्यामुळे वर्षानुवर्षे लांबलेला बेत एकाएकी जवळ आला होता. गाडी कोणती, हे ठरले होते. प्रश्न होता तो प्रकाराचा. त्याच पैशांत वरच्या श्रेणीची पेट्रोल गाडी मिळत होती, मधल्या श्रेणीची डिझेल मिळत होती आणि सीएनजीचाही पर्याय होता. माहितीपत्रकाच्या मधल्या दोन पानांवर एक तक्ता होता. उभ्या रकान्यांत प्रकारांची नावे, आडव्या ओळींत सोयी, आणि जिथे जे आहे तिथे एक काळा ठिपका.

आम्ही मराठी शिकवणारी माणसे. एकाच ग्रंथाच्या निरनिराळ्या हस्तलिखितांत जे फरक आढळतात त्यांना आपण पाठभेद म्हणतो, आणि त्यातला मूळ पाठ कोणता, प्रक्षिप्त कोणता याचा विचार करतो. तो तक्ता पाहताना आम्हांला हीच जुनी सवय आठवली. या ठिपक्यांमधले गाडीचे मूळ कोणते आणि वरून जोडलेले कोणते? आणि हे सगळे असेच का? चार मीटरच का, बाराशे सीसीच का? पसंती आपली असते, पण पसंतीसाठी पुढे मांडलेले पर्याय कोणी आणि केव्हा ठरवले, हा प्रश्न इतिहासाचा आहे. आणि त्या इतिहासाचा एक धागा आमच्या गावांच्या अगदी जवळून गेलेला आहे.

रांगेचा काळ

आमच्या वडिलांच्या पिढीला हा तक्ता मिळाला असता तर त्यांना तो थट्टेचा वाटला असता. परवाना पद्धतीच्या काळात मोटार म्हणजे मुख्यतः तीन कारखाने: उत्तरपाड्याचा हिंदुस्तान मोटर्स, मद्रासचा स्टँडर्ड आणि वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कुर्ल्याचा. कुर्ल्याची फियाट पुढे १९७० च्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. इंजिन १०८९ सीसीचे, पेट्रोलवर चालणारे, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर. अर्ज करायचा, अनामत भरायची आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. कारखान्याने तुमची निवड करायची, तुम्ही गाडीची नव्हे. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती आली आणि तिच्यासोबत साधी व वातानुकूलित अशी लहानशी निवडही आली. ‘एसी का नॉन-एसी’ हा मध्यमवर्गाचा पहिला मोटारविषयक पाठभेद म्हणावा लागेल.

१९९३ साली मोटारउद्योगावरील परवान्याचे बंधन उठले. त्यानंतर आलेल्या पहिल्या परदेशी भागीदाऱ्यांपैकी एक प्रीमियर आणि फ्रान्सची प्यूजो यांची होती. कुर्ला नव्हे, तर कल्याणचा कारखाना तिच्यासाठी निवडला गेला. कल्याण-शीळ रस्त्याने जाणाऱ्या जुन्या माणसांना तो परिसर आजही ‘प्रीमियर’ याच नावाने ठाऊक आहे. तिथे ‘प्यूजो ३०९’ बनू लागली. पेट्रोलची ‘जीएल’, डिझेलची ‘जीएलडी’. पद्मिनीच्या रांगेत वाढलेल्या गिऱ्हाइकाला एकाच गाडीसाठी दोन इंजिने आणि गाडीच्या पाठीवर अक्षरांचे बिरुद, हे नवेच होते. पण कामगारांशी तंटा, गाड्यांच्या पुरवठ्यात खंड आणि पाठोपाठ आलेली नवी स्पर्धा यांत हा संसार टिकला नाही. १९९० चे दशक संपण्याआधीच प्यूजो निघून गेली.

मागे एक गोष्ट मात्र राहिली: ३०९ चे डिझेल इंजिन, १५२७ सीसीचे, ‘टीयूडी-५’ नावाचे. मारुतीने झेन आणि एस्टीमच्या डिझेल आवृत्त्यांसाठी तेच घेतले. आपल्या कथेत ते पुन्हा यायचे आहे.

करातून जन्मलेला आकार

२८ फेब्रुवारी २००६ रोजी मांडलेल्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी लहान मोटारींवरील उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आणले. ‘लहान’ या विशेषणाची व्याख्याही तिथेच झाली. लांबी ४००० मिलिमीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत. आजच्या छोट्या एसयूव्हीचा जन्मदाखला शोधायचा तर तो या तीन आकड्यांत सापडतो.

एकदा ही भिंत उभी राहिली, की सगळे तिला टेकून बसू लागले. २००८ साली टाटांनी लांब डिकीची इंडिगो कापून ‘सीएस’ केली. २००९ च्या अखेरीस प्रीमियरनेच, आता चिंचवडहून, ‘रिओ’ आणली. चार मीटरच्या आतली, एसयूव्ही म्हणवणारी ही इथली पहिली गाडी. तिची वंशावळ पाहण्यासारखी आहे. मूळ जपानी दाइहात्सूची तेरिओस, तिचे चिनी रूपांतर झोत्ये कंपनीचे, त्याची मराठी मुलखातली आवृत्ती ही रिओ. आणि आत इंजिन त्याच टीयूडी-५ घराण्यातले, आता १४८९ सीसीचे, म्हणजे १५०० च्या मर्यादेत बसणारे. कल्याणला १५२७ सीसीने सुरू झालेली गोष्ट चिंचवडला अशी कराच्या मापात आली. रिओ फारशी चालली नाही. पण मागाहून आलेल्या गर्दीची वाट तिने दाखवली होती.

२०१३ च्या जूनमध्ये फोर्डची इकोस्पोर्ट, २०१६ च्या मार्चमध्ये मारुतीची विटारा ब्रेझा, २०१७ मध्ये टाटांची नेक्सॉन, २०१९ मध्ये महिंद्राची एक्सयूव्ही ३०० आणि ह्युंदाईची व्हेन्यू. यांच्या लांब्या पाहाव्यात: ३९९९, ३९९५, ३९९४. इंजिने पाहावीत: ११९७, १४९७, १४९८. एखाद्या कवीने वृत्तासाठी मात्रा मोजाव्यात तसे हे मोजमाप आहे. तीन सिलिंडरची छोटी पेट्रोल इंजिने टर्बो लावून जोरकस करण्याची जी चढाओढ इथे लागली, तिच्यामागेही ही १२०० ची मात्रा आहे. इकोस्पोर्टमध्ये तर अशी गंमत होती की हजार सीसीचे टर्बो इंजिन ‘लहान’ गाडीत मोडे आणि दीड लिटरचे साधे पेट्रोल इंजिन, गाडी तीच, लांबी तीच असूनही, ‘मोठ्या’ गाडीचे शुल्क भरे. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, २०२५ साली दर बदलले, परंतु ४०००, १२०० आणि १५०० हे आकडे जागचे हलले नाहीत.

डिझेलचे गणित, लोकलचे जीवन

इंजिनाच्या निवडीलाही इतिहास आहे. २०१२ च्या मे महिन्यात पेट्रोल एकदम साडेसात रुपयांनी महागले तेव्हा दिल्लीत पेट्रोल आणि डिझेल यांच्यात लिटरमागे तीस रुपयांहून अधिक अंतर होते. शेतकरी आणि मालवाहतूक यांच्यासाठी राखलेली सवलत मोटारवाल्यांनी आपलीशी केली. ब्रेझा २०१६ साली आली ती केवळ डिझेलमध्ये. पण त्याआधीच, ऑक्टोबर २०१४ मध्ये, डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले होते. अंतर आटत गेले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ ची प्रदूषणमानके लागू झाली, डिझेल इंजिन आणखी महाग झाले आणि मारुतीने ते सोडूनच दिले. लोकांच्या मनातले डिझेल मात्र अजून २०१२ सालातच आहे.

आमच्या सहकाऱ्याचे घर बदलापूर पूर्वेला, नोकरी उल्हासनगरात. येणे-जाणे अर्थात लोकलने. आमच्यापैकी अंबरनाथला राहणाऱ्यांचेही तेच. कल्याण-कर्जत मार्गावरच्या माणसाची मोटार आठवडाभर इमारतीखाली उभी असते. रविवारी ती बाहेर पडते, किंवा पावसात मुलांना स्टेशनवर सोडते. तेव्हा आम्ही फळ्यावर हिशोब मांडला. समजा, डिझेल गाडी १ लाख २० हजारांनी महाग. पेट्रोल १०५ रुपये आणि सरासरी १५ किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला ७ रुपये. डिझेल ९० रुपये आणि २० किलोमीटर, म्हणजे साडेचार. फरक अडीच रुपयांचा. महिन्याला ५०० किलोमीटर फिरल्यास बचत १,२५० रुपये, आणि वरचे पैसे वसूल व्हायला ९६ महिने, म्हणजे आठ वर्षे! महिन्याला दीड हजार किलोमीटर फिरणाऱ्याला हेच पैसे पावणेतीन वर्षांच्या आत परत मिळतात. शिवाय नव्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी गाळणी असते. ती साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून महामार्गावर सलग पळावी लागते. घर ते स्टेशन एवढ्याच फेऱ्या करणाऱ्या गाडीत ती तुंबते. सीएनजीचा पर्याय राहिला, कारण आपल्या पट्ट्यात महानगर गॅसचा पुरवठा आहे. पण पंपावरची रांग आणि टाकीने व्यापलेली डिकी यांचा हिशोब ज्याचा त्याने करावा.

आणखी एक भ्रम उंचीचा. बदलापूरच्या माणसाला २६ जुलै २००५ विसरता येत नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले, तेही सर्वांनी पाहिले. त्यामुळे ‘उंच गाडी हवी’ हे इथे केवळ मिरवणे नाही. तरीही या गाड्यांच्या पोटाखालची मोकळी जागा सुमारे २०० मिलिमीटर, म्हणजे जेमतेम वीतभर. खड्ड्यांसाठी ती उपयोगी आहे. उल्हास नदीला वीत मोजता येत नाही. शिवाय यांतल्या बहुतेक गाड्यांची फक्त पुढचीच चाके ओढतात. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

कंसातला जीव

आता त्या ठिपक्यांकडे. आमच्यापैकी एकाने २०११ साली एक छोटी गाडी घेतली, मधल्या प्रकारातली. काचा बटणावर उघडणाऱ्या, आरसे गाडीच्याच रंगाचे. सीटची कव्हरे आणि गाणी वाजवायचे यंत्र उल्हासनगरच्या बाजारातून निम्म्या पैशांत बसवून घेतले आणि वरच्या प्रकाराचे पैसे वाचवल्याचा आनंदही मानला. त्या वरच्या प्रकारात दोन एअरबॅग आणि एबीएस होते, हे तक्त्यात स्पष्ट छापलेले होते. आम्ही ते वाचले होते, पण सीटकव्हरच्या ओळीइतक्याच महत्त्वाने. आयुष्यभर विद्यार्थ्यांना ‘ओळींचे सापेक्ष वजन ओळखा’ म्हणून सांगणाऱ्यांकडून हे झाले. पुढे काही वाईट घडले नाही, ही त्या वाचनाची सफाई ठरत नाही.

एका घराची ही चूक असती तर लिहिण्याचे कारण नव्हते. बाजाराची रचनाच तशी होती. ब्रेझा आली तेव्हा चालकाची एअरबॅग सर्व प्रकारांत होती. पण खालच्या प्रकारांत शेजारच्या माणसाची एअरबॅग आणि एबीएस हवे असतील तर नावापुढे कंसात ‘ओ’ लिहिलेला, म्हणजे ऐच्छिक, प्रकार घ्यावा लागे. व्याकरणात कंसातला मजकूर वाक्याला अनिवार्य नसतो. शेजारी कोण बसते? बहुधा पत्नी, कधी म्हातारी आई. तिचा जीव कंसात होता.

हे बदलले कसे, हा या इतिहासाचा गाभा आहे. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या भिंतीवर आदळून पाहिल्या. पाचही प्रौढांच्या सुरक्षेत शून्य तारे घेऊन परतल्या. महत्त्वाचे हे, की निवडल्या होत्या त्या सर्वांत खालच्या, एअरबॅग नसलेल्या प्रती. समीक्षेचे हे फार चांगले तत्त्व आहे: कृतीची परीक्षा तिच्या शोभिवंत आवृत्तीवरून नव्हे, सर्वांत स्वस्त आवृत्तीवरून करावी. २०१८ च्या डिसेंबरमध्ये नेक्सॉनने पाच तारे मिळवले आणि तारे हा जाहिरातीचा विषय झाला. कायदाही सरकत होता. २०१९ साली एबीएस आणि चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. शेजारच्या आसनाची एअरबॅग २०२१ मध्ये नव्या मॉडेलांना एप्रिलपासून आणि जुन्यांना वर्षअखेरीपासून. सहा एअरबॅगचा प्रस्ताव २०२२ साली आला, पुढे ढकलला गेला आणि २०२३ मध्ये सक्ती होणार नाही असे नितीन गडकरी यांनी सांगितले. त्याच ऑक्टोबरमध्ये भारत एनकॅप सुरू झाली आणि ह्युंदाईने सर्व गाड्यांत सहा एअरबॅग दिल्या. नेक्सॉनने किंचित आधी, ब्रेझाने २०२५ साली. म्हणजे काही काम कायद्याने केले, काही परीक्षकांनी, आणि काही तारे मोजू लागलेल्या गिऱ्हाइकांनी.

रांगेच्या काळात निवड नव्हती, ती आपण मागितली आणि मिळाली. तीस वर्षांनंतर आपल्याला दुसरी गोष्ट उमगते आहे: काही गोष्टी निवडीच्या यादीतून बाहेर काढाव्या लागतात. छताची खिडकी, पडद्याची लांबी, चाकांचे चकचकीत रिम ही निवड. ब्रेक आणि एअरबॅग हा हक्क.

तेव्हा आम्ही सहकाऱ्याला सांगितले ते इतकेच. तक्त्यातल्या ओळींचे दोन भाग करा. बाजारातून पुढे केव्हाही बसवता येईल ते एका बाजूला: कव्हरे, कॅमेरा, गाणी. कारखान्याबाहेर पडल्यावर कधीच बसवता येणार नाही ते दुसऱ्या बाजूला: इंजिन, गाडीचा सांगाडा, एअरबॅग, गाडी घसरू न देणारी यंत्रणा, मागच्या मधल्या आसनाचा तीन टोकांचा पट्टा. दुसऱ्या बाजूचे सारे ठिपके ज्या सर्वांत खालच्या प्रकारात पूर्ण होतात, तो तुमचा प्रकार. त्यांनी मधल्या श्रेणीची पेट्रोल गाडी घेतली.

बदलापूरच्या नावाविषयी अशी लोकश्रुती आहे की शिवकाळात सुरतेच्या वाटेवर इथे घोडे बदलले जात. लोकश्रुती खरी मानली, तर थकलेला घोडा देऊन ताजा घेणाऱ्या स्वाराने रंग, साज आणि रिकीब यांच्याआधी खूर तपासला असेल. तेवढे आम्हांला शिकायला २०११ पासून बरीच वर्षे लागली.